आकड्यामागची अट

जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटात वाहनांच्या रांगा लागतात आणि ‘एक्स्प्रेस वे ठप्प’ अशी बातमी होते. प्रत्यक्षात पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर सगळेच ठप्प नसतात. आडोशी बोगदा ते खंडाळा या टप्प्यात सहापदरी द्रुतगती मार्गाला चौपदरी जुना महामार्ग येऊन मिळतो. दहा पदरांवरची वाहने सहा पदरांत शिरतात. खोपोली ते मावळातील कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ आखला गेला, तो हा टप्पा टाळण्यासाठी. दुखणे नेमके कुठे आहे हे आधी कळले, म्हणून उपाय आखता आला.

सॉफ्टवेअर संथ झाले की अभियंत्यांपुढेही हाच पेच असतो. प्रोफायलर सेकंदाला अनेकदा डोकावून प्रोसेसर कोणते फंक्शन चालवत आहे आणि ते कोणी बोलावले, हे टिपून ठेवतो. युनिक्सवरील ‘जीप्रॉफ’ची मांडणी १९८२ मध्ये झाली, लिनक्समध्ये ‘पर्फ’ २००९ मध्ये आले. आज लाखो नोंदी सहज जमतात. कस लागतो तो त्यातून हव्या तेवढ्या वेगळ्या काढणारी अट, म्हणजेच फिल्टर लिहिताना.

समजा, घाटातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या वाहनांच्या नोंदींवर अशीच अट लावली: ‘शनिवार आणि ट्रेलर किंवा कंटेनर’. बहुतेक प्रणालींमध्ये ‘आणि’ आधी सोडवला जातो. त्यामुळे शनिवारचे ट्रेलर येतील, पण कंटेनर मात्र आठवडाभराचे येतील. ‘शनिवार आणि (ट्रेलर किंवा कंटेनर)’ असा कंस घातला, की उत्तर बदलते. चूक एका कंसाची असते, पण दोष भलत्याच वाहनांवर जातो.

दुसरा धोका टक्केवारीचा. फिल्टरने एकूण नोंदींपैकी ५ टक्केच ठेवल्या आणि त्यांतल्या ६० टक्के एका फंक्शनच्या निघाल्या, तरी एकूण कामात त्याचा वाटा ३ टक्केच भरतो. ते फंक्शन पुरते काढून टाकले तरी फायदा त्याहून मोठा होत नाही. तिसरा धोका जागेचा. रांग दिसते घाटाच्या पायथ्याशी, अडथळा असतो वर. तसेच प्रोग्राममधला एक थ्रेड, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक, ताटकळलेला दिसतो, पण सामायिक माहितीवरचे कुलूप (लॉक) दुसऱ्याच थ्रेडने अडवलेले असते. फक्त ताटकळणाऱ्याच्या नोंदी ठेवल्या, तर खरे कारण फिल्टरच्या बाहेर राहते.

म्हणून दोन पथ्ये पाळायला हवीत. निष्कर्षासोबत फिल्टरची अट जशीच्या तशी नोंदवावी, मग तो अहवाल सॉफ्टवेअरचा असो वा वाहतुकीचा. आणि अट उलटी करूनही चालवून पाहावी. आत आलेल्या व बाहेर राहिलेल्या नोंदींची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही, तर काही नोंदींत ती माहितीच कोरी आहे. कॅमेऱ्याला प्रकार न ओळखता आलेले वाहन ‘ट्रेलर’मध्येही धरले जात नाही आणि ‘ट्रेलर नाही’ यातही नाही. अशा कोऱ्या नोंदी किती, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर निर्णय घेऊ नये.