हिरवा दिवा म्हणजे 'मशीन चालू' नव्हे

गेले तीन शनिवार मी भोसरीत मामांच्या वर्कशॉपमध्ये घालवले. घरच्यांना वाटतंय मुलगा मार्गी लागला. खरं सांगायचं तर मी वायरिंग करत होतो. कॉलेज सुटल्यावर स्क्रू ड्रायव्हर हातात धरलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवशी फेरूल दाबतानाच बोट कापलं. असो.

झालं असं की मामांनी एक मॉनिटरिंगचं यंत्र घेतलं. मशीनच्या पॅनेलमध्ये बसवायची छोटी डबी. तिला ८ डिजिटल इनपुट, २ अ‍ॅनालॉग इनपुट, आणि एक नेटवर्कची केबल. मशीन किती वेळ चाललं, किती वेळ थांबलं, किती जॉब निघाले, सगळं मोबाईलवर. विकणाऱ्यांचा माणूस आला, शेजारशेजारच्या दोन टर्निंग सेंटरच्या हिरव्या दिव्यांवरून एकेक वायर काढली, दोन इनपुटना जोडली, त्यांना 'मशीन १ चालू' आणि 'मशीन २ चालू' अशी नावं दिली आणि चहा पिऊन गेला. उरलेले इनपुट तसेच रिकामे.

दोन महिन्यांनी मामांनी मला फोन केला. "अरे, हे बघ जरा. काकांचं मशीन ५८ टक्के चालतंय आणि त्या नवीन पोराचं ८६ टक्के. दिवाळीचं बक्षीस या आकड्यावर द्यावं म्हणतोय. पण मन धजत नाही."

मन धजत नव्हतं, कारण काका तिथे १९ वर्षं आहेत आणि त्यांचा जॉब गिऱ्हाइकाकडून परत आलेला मामांना आठवत नाही. पण आकडा मोबाईलवर होता, आणि मोबाईलवरच्या आकड्याशी भांडायची आपल्याला सवय राहिलेली नाही.

मग मी शनिवारी सकाळी स्टूल घेऊन दोन्ही मशीनच्या मध्ये बसलो. नुसता बघत. तासाभरात गोम कळली. काका दर पाचव्या जॉबला रफिंग झालं की ऑप्शनल स्टॉपवर मशीन थांबवतात, मायक्रोमीटर लावतात, लागलं तर ऑफसेट देतात आणि मग फिनिशिंगला सोडतात. थांबवलं की हिरवा दिवा बंद. म्हणजे रिपोर्टच्या हिशोबाने काका रिकामे बसलेत!

शेजारच्या पोराची वेगळीच तऱ्हा. टूलभोवती चिप गुंडाळली की तो मशीन थांबवत नाही, फीडचा नॉब शून्यावर आणतो. स्पिंडल फिरतंय, टूल जागच्या जागी उभं, धातूचा एक कणही कापला जात नाही. पण कंट्रोलरच्या लेखी प्रोग्रॅम सुरूच आहे, म्हणून दिवा हिरवाच. पोरगा लबाडी करत नव्हता हं. त्याला कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : इनपुटला वायर जे बघते त्याचं नाव द्या, मालकाला जे बघायचंय त्याचं नको. त्या वायरला फक्त हिरवा दिवा दिसतो. तिचं नाव 'हिरवा दिवा' ठेवलं असतं, तर मामांनी लगेच विचारलं असतं, "म्हणजे काम चालू होतं का?" 'मशीन चालू' म्हटल्यावर तो प्रश्नच मेला.

आता थोडं वायरिंगबद्दल. माझ्यासारखे संगणकावर वाढलेले लोक समजतात की सिग्नल एकतर ० असतो नाहीतर १. तांब्याच्या तारेत तसं नसतं. २४ व्होल्टच्या इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ हे मानक आहे. त्यातल्या टाइप १ इनपुटला ५ व्होल्टपर्यंत ० आणि १५ व्होल्टच्या वर १ समजतात. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी नाही. मी एका टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर ९ व्होल्ट! म्हणजे डबी मनाला येईल तसं वाचत होती.

दुसरी भानगड कॉमनची. त्या डबीचे आठही डिजिटल इनपुट एकाच कॉमनवर आहेत. दोन मशीनचे २४ व्होल्टचे पुरवठे वेगळे. दोन्हीकडून थेट वायर आणल्या की दोन्ही मशीनचे शून्य व्होल्ट एकमेकांना जोडले जातात, आणि एकीकडचा गोंगाट दुसरीकडे पोचतो. उपाय जुनाच : दिव्याला समांतर एक छोटा रिले, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, आणि डबीकडे फक्त रिलेचा कोरडा कॉन्टॅक्ट. मशीनची वीज मशीनमध्ये, डबीची डबीत.

तिसरी गंमत पिवळ्या दिव्याची. तो लुकलुकतो. आपण एकच इशारा बघतो, डबी मात्र प्रत्येक लुकलुक वेगळी मोजते. जोडल्याबरोबर दहा मिनिटांत शेकडो 'थांबे' जमा झाले! सेटिंगमध्ये बंद होण्याचा विलंब लुकलुकीच्या अंधारापेक्षा जास्त ठेवला, तेव्हा ते गप्प झालं.

मग ड्राइव्हच्या पुरवठ्यावर करंट ट्रान्समीटर लावला, ४ ते २० मिलिअँपियरचा. यात शून्य लोडलाही ४ मिलिअँपियर येतात. त्यामुळे वायर तुटली तर खरोखरचं शून्य दिसतं आणि तुटल्याचं कळतं. पण डबीत मी रेंज ० ते २० ठेवली होती, म्हणून मशीन बंद असताना स्क्रीनवर २० टक्के लोड. मामा म्हणाले, "बंद मशीनपण काम करतंय की!" रेंज बदलली, केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, आणि आकडा जमिनीवर आला.

आता हिरवा दिवा लागलाय पण करंट बराच वेळ रिकाम्या स्पिंडलइतकाच आहे, तर ते 'चालू' नाही, 'कटिंग नाही' असं वेगळं दिसतं. एका सिग्नलला जे सांगता येत नाही ते दोन मिळून सांगतात. अनेक इनपुट असतात ते यासाठी, ब्रोशरमध्ये आकडा मोठा दिसावा म्हणून नाही.

तरीही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा इनपुट शेवटचा होता. प्रत्येक मशीनवर एक साधा सिलेक्टर स्विच : तपासणी, सेटिंग, मटेरियल नाही. हा फिरवायचा ऑपरेटरने. काकांना विचारूनच खुणा ठरवल्या. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने बघितलं. "साहेब, म्हणजे आता आमच्यावर अजून एक पहारेकरी?"

प्रश्न रास्त आहे. वायरी वाढल्या की पहारा वाढतो, हे खोटं नाही. पण काकांना म्हटलं, बाकीच्या सगळ्या वायरी तुमच्याबद्दल बोलतात. ही एकच तुमच्या बाजूने बोलेल. यावर ते काही बोलले नाहीत, पण स्विच हाताला येईल अशा जागी लावायला सांगितला.

आपण ऑफिसातले लोक हे समजू शकतो, नाही का? चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका म्हणजे काम, पिवळा म्हणजे कामचुकार. कागदावर डिझाइन काढत अर्धा तास बसलं की आपण पिवळे. माउस हलवत राहणारा मात्र दिवसभर हिरवा. फीडचा नॉब शून्यावर, दुसरं काय!

मामांचा आक्षेप होता की छोट्या वर्कशॉपला एवढा खटाटोप परवडत नाही. परवडतो. रिले, केबल, फेरूल यांचा खर्च डबीच्या किमतीपुढे किरकोळ होता. खरी किंमत होती मशीनपाशी स्टूल टाकून बसायच्या त्या एका तासाची, आणि तोच कुणी दिला नव्हता. सीइची नाकाजिमांनी ओईई मांडताना उपलब्धता, वेग आणि दर्जा या तिघांचा गुणाकार केला. आपण पहिल्यावरच थांबतो, कारण दिवा जोडायला सोपा असतो.

गेल्या शनिवारी नवा रिपोर्ट बघितला. काकांच्या थांब्यांपैकी बराचसा वेळ 'तपासणी'त गेला. पोराचा आकडा चांगलाच घसरला. मामा त्याला बोलावणारच होते, मी म्हटलं आधी बघू तर कुठे घसरतोय. एकाच जॉबवर, एकाच टूलला. काकांनी इन्सर्ट बघितला, म्हणाले चिप तोडणारी घडण या मटेरियलला चुकीची आहे. दुसरा लावला, चिप तुटायला लागली, नॉबला हात लावायची गरजच राहिली नाही.

बक्षीस कसं द्यायचं ते मामांनी अजून ठरवलेलं नाही. टक्क्यांवर देणार नाही एवढं नक्की म्हणालेत.

तुमच्याकडे अशी डबी लागणार असेल, तर नावं द्यायच्या दिवशी ऑपरेटरला शेजारी उभं करा. आणि चहा आधी त्याला द्या.