उचललेलें छप्पर

गेल्या चैत्रांत एका खेड्यांतील शाळेच्या छोट्याशा समारंभास जाण्याचा आम्हांस योग आला. इमारत नवी होती. भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, वर पन्हळी पत्रा. दुपारीं दोनच्या सुमारास गुरुजींनीं सर्व मुलें उठवून आवारांतील कडुनिंबाखालीं नेऊन बसविलीं आणि आम्हां पाहुण्यांनाही तेथेंच खुर्च्या मांडल्या. मग इमारत बांधली कशासाठीं, असा प्रश्न तेथें कोणीं विचारला नाहीं. बहुधा तो विचारावयाचा असतो हेंच सर्वजण विसरून गेले असावेत.

घरीं परततांना दुसरी एक शाळा आमच्या मनांत सारखी घोळत होती. ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं. परंतु तिच्याविषयीं इतकें वाचलें आहे व तिचीं इतकीं चित्रें पाहिलीं आहेत कीं, ती पाहिल्यासारखीच वाटते. पश्चिम आफ्रिकेंत बुर्किना फासो नांवाचा देश आहे. १९६० पर्यंत तेथें फ्रेंचांचा अंमल होता आणि १९८४ पर्यंत त्या देशास अपर व्होल्टा म्हणत. समुद्र दूर, जमीन तांबडी, आणि उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढणें ही नित्याची गोष्ट. आमच्या विदर्भांतील वाचकांस यापेक्षां अधिक वर्णनाची जरुरी नाहीं! अशा त्या देशांतील गान्दो या खेड्यांत दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म १९६५ सालीं झाला. वडील गांवचे प्रमुख. आलेलीं पत्रें वाचून दाखविणारें कोणी तरी घरांत असावें, म्हणून त्यांनीं या थोरल्या मुलास शिकावयास घातलें. गांवांत शाळाच नव्हती. सात वर्षांचें तें पोर घर सोडून तेन्कोदोगो या गांवीं राहावयास गेलें. शाळा शिकणारें गांवांतलें हें पहिलेंच मूल.

तेथील शाळेची इमारत आम्हीं चैत्रांत पाहिली तिचीच बहीण म्हणावयास हरकत नाहीं. सिमेंटचे ठोकळे, अपुरा उजेड, कोंदट हवा आणि एका खोलींत शंभरावर मुलें. तासन्‌तास त्या भट्टींत बसलेल्या या मुलानें मनाशीं ठरविलें कीं, आपण कधीं काळीं शाळा बांधली तर ती अशी बांधावयाची नाहीं. लहानपणीं असे निश्चय आपण सर्वच करतों. ते पुरे करणारे मात्र थोडे.

सुटी संपवून हा मुलगा शाळेस परत निघाला कीं, गांवांतील प्रत्येक घरीं जाऊन निरोप घेण्याची रीत होती. तेथील बाया लुगड्याच्या गांठीं सोडून आपल्याजवळचें शेवटचें नाणें त्याच्या हातावर ठेवीत. ह्या बाया मला पैसे कां देतात, असें त्यानें एकदां आईला विचारलें. तूं शिकून मोठा होशील, परत येशील आणि गांवाचें कांहीं भलें करशील या आशेनें त्या देतात, असें तिनें सांगितलें. ही आठवण केरे यांनीं स्वतःच एका व्याख्यानांत सांगितली आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास या नाण्यांचें ओझें किती असतें, तें निराळें सांगावयास नको.

१९८५ सालीं सुतारकामाची शिष्यवृत्ति मिळून ते बर्लिनला गेले. दिवसा छपरें व लांकडी सामान करण्याचें शिक्षण, रात्रीं शाळा, असा क्रम ठेवून पुढें तेथील तांत्रिक विश्वविद्यालयांत त्यांनीं वास्तुकलेचा अभ्यास केला. पदवी २००४ सालीं मिळाली. परंतु गान्दोची शाळा २००१ सालींच बांधून झाली होती. पैसा उभारण्यासाठीं त्यांनीं १९९८ मध्यें एक संस्था काढली होती. पदवी हातीं येण्यापूर्वीं इमारत उभी, असा हा उलटा प्रकार!

गांवकरी प्रथम नाराज झाले. परदेशीं शिकलेला मुलगा कांचेचें, सिमेंटचें कांहीं तरी घडवील अशी अपेक्षा, आणि हा म्हणतो मातीच्या भिंती! मातीची भिंत पावसाळ्यांत टिकत नाहीं, हें तर तेथील लहान मुलांस सुद्धां ठाऊक. लोकांची ही शंका मूर्खपणाची नव्हती. केरे यांनींही तिला उत्तर दिलें तें शब्दांनीं नव्हे, छपरानें.

आतां ही युक्ति जरा सविस्तर पाहूं. साध्या पत्र्याच्या खोलींत होतें तें असें: उन्हानें पत्रा हात लावूं नये इतका तापतो. ती आंच सरळ खालीं बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते, आणि पत्र्यालगतची तापलेली हवा वर कोंडून राहते. तिला जावयास वाट नसते. केरे यांनीं पत्रा टाकून दिला नाहीं. त्यांनीं तो उचलला. वर्गाच्या डोक्यावर मातीच्या विटांची तक्तपोशी केली, तींत हवा जाण्यापुरत्या फटी ठेवल्या, आणि पत्र्याचें छप्पर त्या तक्तपोशीपासून बरेंच उंच, लोखंडी सळयांच्या कैच्यांवर बसविलें. मधली जागा चोहोंकडून मोकळी. मग ऊन पत्र्यास तापवितें, पत्रा मधल्या हवेस तापवितो, ती हलकी होऊन बाहेर निसटते, आणि तिची जागा भरावयास वर्गांतील उष्ण हवा फटींतून वर ओढली जाते. खिडक्यांच्या झडपांतून ताजी हवा आंत येते. गंमत अशी कीं, ऊन जितकें कडक, तितका हा उपसा जोराचा. ज्या पत्र्यानें मुलांस भाजावयाचें, तोच त्यांची हवा खेळती ठेवतो. विजेची एक तार नाहीं कीं पंखा नाहीं.

छपराच्या कडा भिंतींच्या पुष्कळ पुढें आल्या आहेत. त्यामुळें भिंतींवर ऊन पडत नाहीं, आणि पावसाचें पाणीही भिंतीपासून दूर पडतें. मातीची भिंत विरघळण्याची जी भीति गांवकऱ्यांस होती, तिचें निवारण असें झालें. विटा तेथल्याच मातीच्या. त्या मातींत थोडें सिमेंट मिसळून त्या यंत्रांत दाबून काढल्या. भाजलेल्या नाहींत, म्हणून भट्टीस लांकूडफांटा लागला नाहीं. कैच्यांसाठीं मोठे तुळवंट दुरून आणावयाचे व यारीनें चढवावयाचे, हें तेथें परवडण्यासारखें नव्हतें. बाजारांत मिळणाऱ्या साध्या सळया हातकरवतीनें कापून लहानशा यंत्रानें जोडल्या. हें काम गांवच्या तरुणांसच शिकविलें. मुलांनीं दगड वाहिले, बायकांनीं पाणी आणलें आणि आपल्या जुन्या पद्धतीनें जमीन चोपून काढली. तीन वर्ग एका ओळींत, आणि दोन वर्गांमध्यें छपराखालचीच मोकळी पडवी, असा सारा बेत आहे.

जाड मातीच्या भिंतीविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिची भलतीच स्तुति हल्लीं फार ऐकूं येते. अशी भिंत दिवसाची उष्णता सावकाश पिते आणि सूर्यास्तानंतर सोडूं लागते. शाळेस हें उत्तम. त्या वेळीं मुलें घरीं गेलेलीं असतात. पण जेथें रात्रीं निजावयाचें, तेथें हाच गुण दोष ठरतो. जुन्या वाड्यांतील मंडळी उन्हाळ्यांत अंथरुणें घेऊन गच्चीवर कां जात, हें आमच्या वाचकभगिनींस ठाऊकच आहे. म्हणून शाळेसाठीं केलेली योजना उचलून जशीच्या तशी रुग्णालयास लावूं नये. तसेंच, बाहेर चाळीस अंश असतांना खेळती हवा कांहीं थंड होत नाहीं. या शाळेंत हुडहुडी भरत नाहीं. डोक्यावर आंच नाहीं, घाम वाळतो आणि मूल गणित सोडवूं शकतें, इतकेंच. परंतु शाळेनें याहून अधिक काय करावयाचें असतें?

याच्या उलट आमच्या घरची स्थिति. दोन उन्हाळ्यांपूर्वीं चिरंजीवांच्या आग्रहास्तव एका खोलींत वातानुकूलन यंत्र बसलें. तेव्हांपासून वैशाखांत आजींपासून धाकट्या नातवापर्यंत बारा माणसें त्या एका खोलींत निजतात, आणि यंत्रानें बाहेर टाकलेली गरम हवा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत जाते. शेजारणीनें अद्याप भांडण काढलें नाहीं, हा तिचा मोठेपणा. जगांतील एकूण विजेपैकीं सुमारें दहावा हिस्सा वातानुकूलन यंत्रें व पंखे खातात, असें आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०१८ सालच्या अहवालांत दाखविलें होतें. आमचीं बारा अंथरुणें त्या हिशेबांत आलींच.

गान्दोच्या शाळेस २००४ सालीं आगाखान पारितोषिक मिळालें, २००८ मध्यें तिचा विस्तार झाला, आणि २०२२ सालीं केरे यांस वास्तुकलेंतील प्रित्झकर पारितोषिक देण्यांत आलें; आफ्रिकन माणसास हा मान प्रथमच मिळाला. आम्हांस मात्र पारितोषिकापेक्षां तेथील ग्रंथालयाची हकीकत अधिक आवडली. त्याच्या छतासाठीं बायकांनीं घरोघरचीं मातीचीं मडकीं आणून दिलीं. तीं कापून छतांत बसविलीं, आणि त्यांच्या तोंडांतून उजेड व हवा यांस वाट करून दिली.

हें सर्व आम्हीं चैत्रांतील त्या गुरुजींस पत्रानें कळविलें. पत्रा उचलण्यास मंजुरी कोण देणार, असें त्यांचें उत्तर येईल अशी आमची अटकळ होती. उत्तर आलें तें निराळेंच. त्यांनीं पालकांकडून बांबूच्या तट्ट्या करवून घेऊन एका वर्गांत पत्र्याच्या हातभर खालीं बांधल्या. डोक्यावरची आंच पुष्कळ कमी झाली. परंतु दोन्ही टोकांच्या भिंतींत वरच्या अंगास भोंकें पाडावयाचीं राहून गेलीं, म्हणून हवा कोंडते. तेवढें काम दिवाळीच्या सुटींत गवंड्याकडून करून घेणार आहेत. भोंकें केवढीं ठेवावींत व चिमण्या आंत येऊं नयेत म्हणून त्यांस जाळी कोणती लावावी, हें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे.