काडेपेट्या विकणारा पोरगा आणि आपण

मागच्या महिन्यात जिवतीच्या आठवडी बाजारात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा भेटला. बी.ए. झालाय. जमिनीवर ताडपत्री अंथरून मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकत बसला होता. मी कौतुकाचे चार शब्द बोलायला गेलो, तर तो म्हणाला, "चाचा, रील बघून बघून कान किटले. कुणी चहा विकून करोडपती झाला, कुणी गॅरेजमध्ये कंपनी काढली. आपल्यातला एखादा सांगा ना. पण खरा सांगा."

मी त्याला सर आदमजी पीरभॉय यांची गोष्ट सांगितली. त्याने हे नावही ऐकलं नव्हतं. त्याचा दोष नाही. माथेरानच्या छोट्या गाडीत बसून फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत, पण ती गाडी कुणाच्या पैशाने डोंगर चढली हे विचारणारे फार थोडे.

आदमजी मुंबईचे नव्हेत. काठियावाडातल्या धोराजीच्या एका गरीब दाऊदी बोहरा घरातले. तेरा वर्षांचे असताना मुंबईत आले आणि रस्त्यावर काडेपेट्या विकू लागले. मुंबई ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली, त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. थोड्याच दिवसांत, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव असे कोसळले की नावाजलेल्या पेढ्या बुडाल्या. असा चढ आणि असा उतार पाहतच हा मुलगा त्या शहरात मोठा झाला.

पुढे त्यांनी ब्रिटिश लष्कराला तंबू आणि इतर सामान पुरवायला सुरुवात केली. कापडाच्या धंद्यात जम बसवला, धारावीत कातड्याचा कारखाना काढला. हजारो माणसं त्यांच्याकडे कामाला होती. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, १९०७ मध्ये 'सर' झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. १९१३ मध्ये ते वारले.

इथे एक गोष्ट लपवायचं कारण नाही. हा पैसा बऱ्याच अंशी साम्राज्याच्या लष्कराकडून आला. ते तंबू कुणाच्या लढायांसाठी लागत होते, हे आपल्याला ठाऊक आहे. "मेहनत केली आणि मोठे झाले" एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की एक मोठा गिऱ्हाईक मिळाला, तो वर्षानुवर्षं टिकला आणि पैसे देत राहिला. आपल्या पोरांना आळशी म्हणण्याआधी वडीलधाऱ्यांनी एवढं तरी मोजावं.

पण मिळवलेल्या पैशाचं त्यांनी काय केलं, तिथे मला ही गोष्ट जवळची वाटते.

नेरळहून माथेरानला त्या काळी लोक पायी, घोड्यावर किंवा डोलीतून जायचे. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तिथे रेल्वे न्यायचं मनावर घेतलं आणि वडिलांनी पैसा उभा केला. खर्च आला १६ लाख रुपये, तेही त्या काळातले. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि वळणं इतकी की गाडी आपलीच शेपटी बघत चढते. मार्च १९०७ मध्ये ती सुरू झाली. हा दानधर्म नव्हता, तिकीट काढूनच बसायचं होतं. पण सरकारने नव्हे, एका स्थलांतरित कुटुंबाने महाराष्ट्राच्या एका डोंगराला गाडी दिली. जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, तेव्हा दोन वर्षं गाडी बंद होती. पुन्हा सुरू झाली ती शंभरी भरली त्या वर्षी.

दान होतं ते चर्नी रोडला. समुद्राजवळच्या जागेवर आदमजींनी आरोग्यधाम बांधलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळू लागली, तेव्हा तिथे रुग्णांवर उपचार झाले. त्याच जागेवर १९४८ मध्ये सैफी रुग्णालय उभं राहिलं आणि २००५ मध्ये त्याची नवी इमारत झाली. देणारा जाऊन शंभरावर वर्षं झाली. त्या दारातून आजही कुठल्याही धर्माचा रुग्ण आत जातो.

आता हे सगळं मी जिवतीच्या पहाडावर बसून का सांगतोय? कारण आम्हीही बाहेरचेच. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा नांदेडकडून बैलगाडीने इथे आले. मराठवाड्यातून आलेली अशी शेकडो घरं पहाडावर आहेत, मुसलमानांची, बंजाऱ्यांची, मातंगांची. जंगल तोडून शेत केलं, कापूस लावला. आज तिसरी पिढी त्याच शेतात राबतेय, पण सातबारा नाही. वनहक्क कायद्याने आदिवासींखेरीज इतरांना तीन पिढ्यांची, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ७५ वर्षांची वहिवाट दाखवायला सांगितलं आहे. म्हणजे १९३० पासूनची. आजोबा आले १९७२ ला! सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून कापूस निघायच्या आधीच तो व्यापाऱ्याच्या वहीत लिहिला जातो. बाजारातल्या त्या मुलाच्या ताडपत्रीचं मूळ या वहीत आहे. ही अट बदलावी म्हणून आपण लढतोय आणि लढत राहू.

पण त्या लढ्यात आपण एक गोष्ट बोलत नाही. हे जंगल रिकामं नव्हतं. इथे कोलाम होते, गोंड होते. आमच्या आजोबांनी घाम गाळला हे खरं, आणि ज्या जमिनीवर गाळला तिच्या कडेला कोलामांचे गुडे आणखी वर, आणखी आत सरकले हेही खरं. उन्हाळ्यात कोलाम बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. आमच्या मोहल्ल्यापासून हे काही फार दूर नाही. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या जमातीने तिथे एक हातपंप बसवला, असं मला तरी आठवत नाही.

पैसा नाही असंही नाही. दर रमजानला जकात, फित्रा, सदका निघतो. पहाडावरचे लोक गरीब असले तरी हात आखडता घेत नाहीत. पण जमलेला पैसा जातो कुठे? मशिदीच्या फरशीला, गेटला, मिनाराच्या दिव्यांना, जेवणावळीच्या देगांना. माझ्या हयातीत एकाच मशिदीची फरशी तीनदा बदलली. जकातीचे हकदार कोण हे ठरलेलं आहे, त्यात मी बोट घालत नाही. सदक्याला मात्र तशी अट नाही. तो कोलामाच्या गुड्यावरही पोचू शकतो.

बाजारातल्या त्या मुलाने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मधे दोन गिऱ्हाईकं करून घेतली. मग म्हणाला, "चाचा, रुग्णालय राहू द्या. मला आठ हजार रुपये मिळाले तर मी माल थेट नागपूरहून आणीन. आता गडचांदूरच्या दुकानातून घेतो, त्यात सगळा नफा जातो. कोण देतं सांगा, बिनव्याजी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्ज-ए-हसना हा शब्द आपण तकरीरीत किती वेळा ऐकला आहे! पहाडावर तो देणारी पेटी मात्र एकही नाही.

म्हणून येत्या जुम्म्याला नमाजनंतर जमातीच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, या वर्षी फरशीचं काम थांबवून त्या पैशातून बिनव्याजी कर्जाची पेटी सुरू करावी. लहान रकमा, लेखी हिशेब, आणि हप्ता चुकला तर घरी जाऊन बोलणं, चारचौघांत अब्रू काढणं नाही. बारावीनंतर राजुऱ्याला किंवा चंद्रपूरला खोली घेऊन शिकायला निघालेल्या मुलींनाही त्यातून रक्कम मिळावी. दोन, सदक्याचा एक हिस्सा जवळच्या कोलाम गुड्यावर पाण्यासाठी खर्च व्हावा. काय हवं ते आधी तिथल्या बायांना विचारावं, विहीर की टाकी हे आपण ठरवू नये.

पहिल्या ठरावाला विरोध कमी होईल. दुसऱ्यावर आवाज चढतील, "आधी आपले तर बघा" असं कुणीतरी म्हणेलच. तरुणांनी तेव्हा मागच्या सफेत उभं राहून मोबाईल बघू नये. पुढे येऊन बसावं.