मोकळी जागा कोणासाठी? गायरान, फार्महाऊस आणि आपली वस्ती

आम्ही काम करतो त्या तालुक्यातील एका गावात गायरानावर बौद्ध आणि मातंग समाजाची तीसेक घरे आहेत. मध्यंतरी या घरांना अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या. कारण काय, तर गायरान मोकळे राहिले पाहिजे. त्याच गावात ओढ्यापलीकडे शहरातल्या लोकांची फार्महाऊसेस उभी आहेत. प्रत्येकाला तारेचे कुंपण, प्रत्येकाचे वेगळे बोअर. गुरांची जुनी वाट त्या कुंपणांनी बंद केली. पण तिथे नोटीस नाही, कारण तिथे सातबारा आहे.

ग्रामसभेत आपला एक तरुण उसळून म्हणाला, "झाडं-पाखरं नंतर बघू, आधी आमच्या घराचं बोला." त्याचा राग आम्हाला समजतो. पण घर की निसर्ग, हा प्रश्नच आपल्यावर लादलेला आहे. खरा प्रश्न जमिनीच्या वाटपाचा आहे.

हिशोब करून पाहू. आपल्या राज्यात शेतजमिनीवर फार्महाऊस बांधायला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. आणि भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी शासन मदत देते ती 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. एका फार्महाऊसच्या किमान जमिनीत अशा 86 जागा बसतात. निम्मी जमीन रस्ते, झाडे आणि मैदानासाठी सोडली तरी 43 कुटुंबे राहतात. मग जमीन कोण खातो आहे?

एकरात एक बंगला म्हणजे वस्ती विरळ, म्हणून निसर्ग सुरक्षित, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. विरळ घरे माळभर विखुरली की प्रत्येक घरामागे रस्ता जातो, विजेची तार जाते, कुंपण येते. माळाचे तुकडे पडतात. लांडगा, चिंकारा, तणमोर यांना सलग माळरान लागते, तुकडे चालत नाहीत. मोकळी जागा राखायची तर घरे जवळजवळ बांधावी लागतात आणि उरलेली जमीन सलग, सर्वांची म्हणून सोडावी लागते.

2011 साली जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवला आहे. पहिला भाग तहसीलमध्ये सगळ्यांना पाठ असतो. दुसरा भाग आपल्यालाच दाखवून द्यावा लागतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यात पडीक जमिनीची मागणी होती. त्या मागणीचे पट्टे आजही अनेक घरांच्या हातात पडलेले नाहीत.

बाबासाहेबांनी तर 1947 सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यासाठी यंत्रणाच सुचवली होती. शासनाची लागवडीखाली नसलेली जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्यायची आणि तिच्यावर अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहती वसवायच्या. म्हणजे वस्ती कुठे आणि कशी वसवायची, हा आमच्या दृष्टीने आंबेडकरी चळवळीचा जुना, मूळ विषय आहे. तो आपण बिल्डर आणि नगररचनाकारांवर सोडून दिला.

मात्र एक गोष्ट स्वतःलाही सांगायला हवी. महसुली भाषेत 'पडीक' म्हटलेला माळ खरोखर पडीक नसतो. त्यावर मेंढपाळ जगतो, भूमिहीन बाईची शेळी जगते, पाणी मुरते. गायरान संपले तर पहिला फटका आपल्याच माणसांना बसतो. वर्षावासाचा नियम करताना बुद्धांनी पावसात उगवणारे गवत आणि बारीक जीव भिक्खूंच्या पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हा विचार केला होता. तो वारसा आपला आहे.

"घरे जवळजवळ म्हणजे पुन्हा कोंडलेला महारवाडा का?" असे कोणी विचारेल. नाही. महारवाडा कोंडला गेला तो जमीन, पाणी आणि रस्ता नाकारल्यामुळे. नियोजित वस्तीत रुंद रस्ता, गटार, विहार, मैदान हे आधी आखले जाते, घरे नंतर येतात. आणि वाढीव गावठाणातील जागांचे वाटप जातीनुसार गल्ल्या पाडून नव्हे, चिठ्ठ्या टाकून व्हावे.

म्हणून येत्या ग्रामसभेत जाताना तीन मागण्या लेखी घेऊन जाऊ. एक, गायरानावरील भूमिहीनांची घरे आहेत तिथे नियमित करा, नाहीतर गावठाणाला लागून पर्यायी जागा आधी द्या. दोन, उरलेले गायरान, ओढाकाठ आणि माळ यांची मोजणी करून नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. तीन, गुरांच्या आणि पाण्याच्या वाटा अडवणाऱ्या कुंपणांवर कारवाई करा, सातबारा कोणाचाही असो. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेल्याशिवाय उठू नका. आणि त्याची नक्कल घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

जय भीम!