‘विशेष भाग’ नको, पूर्ण फेरी हवी

भीमगीतांवरच्या समूहनृत्याची स्पर्धा घ्या, असा प्रस्ताव टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाकडे न्यायचं काही तरुणांच्या मनात आहे. मित्रांनो, जरूर न्या. पण चॅनेलवाले १४ एप्रिलचा एक ‘विशेष भाग’ पुढे करतील (म्हणजे उरलेलं वर्ष तुम्ही नको!), तो घेऊ नका. नेहमीच्या पर्वात पूर्ण फेरी मागा.

आणि नाच प्रत्यक्ष गायनावर हवा. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज उचलला. गणातला देव काढला आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार आणला. तिथे ढोलकीइतकाच शब्द महत्त्वाचा होता. शब्द कापून नुसता ठेका ठेवला, तर उरतो तो डीजे. तो मिरवणुकीत आहेच.

पैशाचंही बोला. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कॉपीराइट कायद्याने गीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. तरी आपल्या कवींची गाणी ‘पारंपरिक’ म्हणून खपवली जातात. पडद्यावर नाव आणि मानधन, दोन्ही लेखी घ्या.

परीक्षकांत जलशातला एखादा ढोलकीवाला असेल का, हेही त्याच बैठकीत विचारा. बहुधा तिथेच चहा थंड होईल.