शाकारलेले घर

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. येथे पाऊस फार पडतो. म्हणून जुन्या शेतघरांचे छप्पर उतरते असे. भिंती काही ठिकाणी विटांच्या, तर काही ठिकाणी कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या असत. पावसाळ्यापूर्वी शेतकरी भाताच्या पेंढ्याने घर शाकारत. पेंढा शेतातला, कारवी डोंगरावरची आणि माती गावचीच!

आज लोक अशा घराला 'कच्चे' म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. पेंढा लवकर पेट घेतो, कुजतो, वरचेवर बदलावा लागतो. पक्के घर हवेसे वाटणे योग्यच आहे. पण उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा पेंढ्याखालचा गारवा आठवतो.

माझ्या मते घर नवे बांधावे, पण जुन्या घराचे शहाणपण टाकू नये. उतरते छप्पर, रुंद पडवी आणि जाड भिंती ठेवाव्यात.

आणखी एक गोष्ट. पक्क्या घराच्या विटा पाडणारी अनेक कातकरी कुटुंबे भट्टीशेजारच्या झोपडीत राहतात. दुसऱ्यासाठी वीट पाडणाऱ्यालाही विटांचे घर मिळाले पाहिजे. तोपर्यंत आपल्या पक्क्या घरांचा अभिमान अपुराच राहील.