मोबाईल गेटबाहेर, कॅमेरा आत, तोही तीनच दिवस: मास्टर्सच्या सरावाच्या दिवसांचा हा नियम नेमका आहे काय?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचं शहर आहे. तिथल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबवर दर एप्रिलमध्ये मास्टर्स ही स्पर्धा होते. टेनिसमध्ये विम्बल्डनचा जो थाट, तोच गोल्फमध्ये मास्टर्सचा.

स्पर्धा गुरुवारी सुरू होते, पण लोक सोमवारपासूनच गर्दी करतात. सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे सरावाचे दिवस. सोळाव्या होलसमोर तळं आहे. खेळाडू तिथे आपला नेहमीचा शॉट मारतो आणि पुढे निघतो, तेवढ्यात गर्दीतून आरडाओरडा सुरू होतो, "स्किप! स्किप!" मग तो हसत तळ्याच्या काठाशी चेंडू ठेवतो आणि मुद्दाम पाण्याला घासून मारतो. लहानपणी आपण नदीत चपटा दगड उड्या मारत जावा म्हणून फेकायचो ना, अगदी तसंच. चेंडू टप्पे खात पलीकडच्या ग्रीनवर चढला की टाळ्या आणि शिट्ट्या.

हे टिपायला शेकडो हात वर जातात. पण नीट बघितलं तर त्या हातांत एकही मोबाईल नसतो. कुणाकडे बाबांच्या कपाटातून काढलेला छोटा डिजिटल कॅमेरा, कुणाकडे जाडजूड डीएसएलआर, तर कुणाकडे चक्क रीळ घालायचा कॅमेरा.

हा योगायोग नाही, नियम आहे. आणि तो वरवर वाटतो तितका साधा नाही.

नियम काय सांगतो?

सरावाच्या तीन दिवसांत प्रेक्षकांना कॅमेरा नेता येतो. फक्त फोटो काढायचे, व्हिडिओ नाही, आणि तेही वैयक्तिक वापरासाठी. गुरुवार ते रविवार, म्हणजे खऱ्या स्पर्धेत, कॅमेराही बंद. मोबाईल तर आठवडाभर कोणत्याच दिवशी चालत नाही. सापडलात तर बाहेरचा रस्ता, आणि पुढे तिकीट मिळण्याचा हक्कही जाऊ शकतो.

ही धमकी पोकळ नाही, कारण तिथलं तिकीट मिळणं हेच मोठं दिव्य आहे. सामान्य माणसाला लॉटरीत नाव यावं लागतं. किंमत मात्र तशी कमी. २०२५ मध्ये सरावाच्या एका दिवसाचं तिकीट १०० डॉलरला होतं आणि स्पर्धेच्या दिवसाचं १४० डॉलरला. वर्षानुवर्षं अर्ज करूनही नंबर न लागलेले लोक आहेत. एका सेल्फीसाठी ते तिकीट कोण घालवेल?

मुळात कॅमेऱ्यावर राग का?

क्रिकेटमध्ये पन्नास हजार लोक ओरडत असताना फलंदाज खेळतो. मग गोल्फरला एका 'क्लिक'चा एवढा त्रास का व्हावा?

कारण गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो आणि सुरुवात खेळाडू स्वतः करतो. चारी बाजूंनी शांतता असते. त्या शांततेत अचानक आलेला बारीक आवाज स्टेडियमच्या गोंगाटापेक्षा जास्त टोचतो. शिवाय काठी मागे नेऊन वरच्या टोकाला पोहोचली की तिथून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदात दचकलं तर चेंडू झाडीत जातो, आणि त्या एका शॉटमध्ये कुणाचं वर्षभराचं उत्पन्न अडकलेलं असू शकतं.

२००२ सालचा किस्सा प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियात 'स्किन्स गेम' नावाचा प्रदर्शनी सामना होता. टायगर वुड्स वाळूच्या खड्ड्यातून शॉट मारत असताना एकाने फोटो काढला. टायगरचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स याने तो कॅमेरा हिसकावला आणि सरळ पाण्यात फेकला. बरोबर नव्हतंच ते. पण कॅमेऱ्याबद्दल त्या जगात केवढा संताप साचला होता, ते त्यावरून कळतं.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेक इथे झालेल्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये मोबाईलमधल्या कॅमेऱ्यांचा एवढा त्रास झाला की नंतरची काही वर्षं तिथे फोनवर बंदी आली. ती २०१२ मध्ये उठली. अमेरिकेच्या पीजीए टूरने २०११ मध्ये मोबाईल आत येऊ दिला, पण प्रत्यक्ष स्पर्धा चालू असताना फोटो काढायला परवानगी दिली ती थेट २०१७ मध्ये. तोवर तिथेही फोटो म्हणजे सरावाचे दिवस, एवढंच.

म्हणजे ऑगस्टाने काही जगावेगळं केलेलं नाही. एकेकाळी जवळपास सगळीकडे असलेला हा नियम बाकीच्यांनी सोडला, त्यांनी सोडला नाही.

पण आता तर कॅमेरे मुके झालेत

इथे खरी गंमत आहे. २०१७ मध्ये सोनीने ए९ हा कॅमेरा आणला. सेकंदाला २० फोटो, आणि आवाज शून्य. आज बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत ही सोय असते. मोबाईल तर 'सायलेंट'वर टाकला की गप्पच. म्हणजे 'क्लिकचा आवाज येतो' हे कारण आता अर्धंमुर्धंच उरलंय.

तरीही जुना खडखडणारा डीएसएलआर आत जातो आणि मुका मोबाईल गेटबाहेर राहतो. का?

माझ्या मते खरा फरक आवाजाचा नाही, वेळेचा आहे. कॅमेऱ्यातला फोटो संध्याकाळी हॉटेलवर जाऊन, कार्ड काढून मग जगासमोर येतो. मोबाईलमधला फोटो दोन सेकंदांत येतो. मोबाईल म्हणजे कॅमेरा अधिक प्रक्षेपण केंद्र. ऑगस्टाला तुमच्या कॅमेऱ्याची अडचण नाही, तुमच्या प्रक्षेपणाची आहे.

तसा थेट खुलासा क्लबने दिलाय असं नाही, हा माझा अंदाज आहे. पण त्याला आधार आहे. सीबीएस ही वाहिनी १९५६ पासून मास्टर्स दाखवतेय आणि तिच्याशी करार होतो एकेका वर्षाचा. पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही ही टांगती तलवार कायम. प्रक्षेपणात जाहिराती अगदी मोजक्या. १९६६ मध्ये जॅक व्हिटेकर या समालोचकाने तिथल्या गर्दीला 'मॉब' म्हटलं, म्हणजे झुंड. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मास्टर्सच्या प्रक्षेपणात दिसला नाही. क्लबच्या भाषेत तिथे प्रेक्षक नसतात, 'पेट्रन' असतात.

व्यावसायिक फोटोग्राफरनाही सूट नाही. इतर स्पर्धांत त्यांना दोरीच्या आत जाऊन खेळाडूच्या जवळून फोटो काढता येतात. ऑगस्टामध्ये दोरीच्या आत फक्त खेळाडू, कॅडी आणि पंच. जगभर छापून येणारे ते देखणे फोटो गर्दीत उभं राहून, लोकांच्या टोप्यांमधून वाट काढत घेतलेले असतात.

आणि याच क्लबने २०१९ पासून प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक शॉट स्वतःच्या वेबसाईटवर आणि ॲपवर दाखवायला सुरुवात केली. म्हणजे मैदानावर कॅमेऱ्यांची कमतरता नाहीच. फक्त ते क्लबचे आहेत.

सोळाव्या होलवरचा आजवरचा सगळ्यात गाजलेला 'स्किप' आठवा. नोव्हेंबर २०२०. कोविडमुळे स्पर्धा एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये ढकललेली. सरावात स्पेनच्या जॉन राहमने पाण्यावरून चेंडू मारला आणि तो टप्पे खात, ग्रीनवर वळण घेत थेट होलमध्ये गेला. त्या दिवशी त्याचा २६ वा वाढदिवस होता. ती क्लिप जगभर फिरली. आणि मैदानावर प्रेक्षक? एकही नव्हता, कोविडमुळे प्रवेशच बंद होता. सरावाच्या दिवसाचा सगळ्यात व्हायरल क्षण एकाही पेट्रनच्या कॅमेऱ्यात नाही.

फोटो तुमचा, पण कितपत?

सोशल मीडियावर असणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. साधारणपणे फोटो काढणारा हाच त्या फोटोचा मालक. भारतातला १९५७ चा कॉपीराइट कायदाही छायाचित्राचा कर्ता म्हणून फोटो काढणाऱ्यालाच ओळखतो. मग क्लबचा हक्क येतो कुठून? तिकिटातून. तिकीट म्हणजे खासगी जागेत शिरण्याची परवानगी, आणि ती अटींसह मिळते. 'वैयक्तिक वापर' ही त्यातलीच एक अट. कॉपीराइट तुमच्याकडे असला तरी अट मोडली तर करार मोडतो.

घरात फ्रेम लावा, मित्रांना दाखवा, कुणी काही म्हणणार नाही. पण त्या फोटोच्या प्रिंट विकल्या किंवा त्यावर एखाद्या ब्रँडची जाहिरात केली तर तो वैयक्तिक वापर राहत नाही. मधला पट्टा मात्र धूसर आहे. ज्याच्या इन्स्टाग्राम पेजवरच घर चालतं, त्याने टाकलेला फोटो वैयक्तिक की धंद्याचा? हा नियम झाला तेव्हा असा व्यवसायच नव्हता. आज दर दुसरा तरुण प्रेक्षक थोडाफार तोच व्यवसाय करतोय.

सरावाच्या दिवशी मिळतं काय?

खरं सांगायचं तर फोटोसाठी हेच दिवस सगळ्यात चांगले. स्पर्धेत खेळाडूचा चेहरा दगडासारखा असतो. सरावात तो एकाच जागेवरून तीन-चार चेंडू मारतो, कॅडीशी वाद घालतो, गुरुवारी होल कुठे असेल याचा अंदाज बांधून ग्रीनच्या त्या कोपऱ्यात चेंडू सोडून बघतो. एक फोटो चुकला तर लगेच दुसरी संधी. बुधवारी नऊ होलची पार-३ स्पर्धा असते, १९६० पासून चालत आलेली. तिथे खेळाडूंची चिमुरडी पोरं कॅडीचा पांढरा डगला घालून धडपडत फिरतात. या स्पर्धेचा एक शापही आहे. ती जिंकणाऱ्याने त्याच वर्षी मास्टर्स जिंकल्याचं २०२५ पर्यंत एकदाही घडलेलं नाही.

आता थोडं तंत्र, कारण गोल्फरचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा गणितामुळे. मोठ्या खेळाडूच्या ड्रायव्हरचं टोक चेंडूवर येताना ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडं राहिलं तरी तेवढ्यात काठीचं टोक ५ सेंटीमीटर सरकतं. चार हजाराव्या भागात सव्वा सेंटीमीटर. म्हणून फोटोत खेळाडू स्पष्ट आणि काठी गायब दिसते.

आणि काठी केळ्यासारखी वाकलेली दिसली तर? फोटोशॉप नाही. बहुतेक मोबाईल आणि बरेच मिररलेस कॅमेरे आवाज न करता फोटो काढतात तेव्हा चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतात. समजा या वाचनाला १० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात काठीचं टोक अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. वरच्या ओळीतली काठी आधीची, खालच्या ओळीतली नंतरची. जोडली की वाकडी. म्हणजे आवाज घालवायचा तर काठी वाकते, आणि काठी सरळ हवी तर 'क्लिक' ऐकू येतो. पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा ए९-३ सोनीने २०२३ च्या अखेरीस जाहीर केला, पण तो हौशी माणसाच्या खिशाला परवडणारा नाही.

शिष्टाचार एकच: खेळाडूच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि चेंडू निघाल्यावर बटण दाबायचं. तसेही चांगले फोटो शॉटनंतरचेच. चेंडू कुठे पडतोय हे बघणाऱ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं.

आपल्याकडून जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय ठरला. पुढे अर्जुन अटवाल, अनिर्बन लाहिरी आणि शुभंकर शर्मा यांनीही तिथे हजेरी लावली. टीव्हीचा कॅमेरा आघाडीवरच्या खेळाडूंमागे धावतो, त्यामुळे ॲप येण्याआधी यांचे शॉट इथे बसून दिसणं नशिबाचाच भाग होता, आणि त्यासाठीही रविवारी भारतात पहाटे चार-साडेचारपर्यंत जागं राहायचं. तिथे गेलेल्या भारतीय प्रेक्षकासाठी सरावाचा दिवस म्हणजे आपल्या माणसाला जवळून टिपण्याची एकमेव संधी.

दोन फोटो

मे २०२२, तुलसामधलं सदर्न हिल्स. पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगर शॉट मारतोय आणि मागची अख्खी भिंत मोबाईल उंचावून उभी. फक्त एक माणूस हातात बिअरचा कॅन धरून डोळ्यांनी बघतोय. तो फोटो इतका गाजला की बिअर कंपनीने त्या माणसाला घेऊन जाहिरातच केली.

एप्रिल २०२५, ऑगस्टा. रोरी मॅक्लरॉयने प्लेऑफमध्ये जिंकून चारही मोठ्या स्पर्धांचा संच पूर्ण केला. तो गुडघ्यांवर कोसळलाय आणि मागे हजारो हात हवेत, सगळे रिकामे. हाही फोटो लोकांनी "बघा, मोबाईल नसला की माणसं कशी दिसतात" म्हणत भरपूर शेअर केला. अर्थात मोबाईलवरून.

मला दुसरा फोटो जास्त आवडतो, हे कबूल. पण तो भोळेपणाने बघवत नाही. या क्लबमध्ये पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये आला आणि पहिल्या महिला सदस्य २०१२ मध्ये. तिथे कोण दिसणार, कसं दिसणार आणि कधी दिसणार हे ठरवण्याची सवय मोबाईलपेक्षा फार जुनी आहे.

बुधवारी संध्याकाळी सगळे कॅमेरे गाडीच्या डिकीत जातात. गुरुवारी सकाळी तेच लोक रिकाम्या हाताने आत येतात. कुणाला घरी फोन करायचाच असेल तर मैदानावर क्लबने फुकटचे फोन लावून ठेवलेत, वायरचे. तुम्हाला फक्त नंबर पाठ असायला हवा.